उणे पन्नास रुपये डझन

फेब्रुवारी संपायला आला की जळगावात ऊन एका दिवसात वयात येतं. कालपर्यंत स्वेटर घालून दूध आणायला जाणारी माणसं आज डोक्याला उपरणं गुंडाळून निघतात. रस्त्याच्या कडेला टरबुजांचे ढीग लागतात, गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरून पापड-कुरडया पडतात आणि आमच्या इमारतीसमोरच्या शाळेत भिंतीवर खडूने बैठक क्रमांक लिहिले जातात. दहावी आली! ज्यांच्या घरात परीक्षा असते ते टीव्ही बंद करून ठेवतात. माझ्या घरात कुणीही दहावीला नाही, तरी मला लग्नघरात असल्यासारखं होतं.

बीजगणिताच्या पेपराच्या दिवशी तर मी स्वयंपाक सकाळीच उरकून ठेवते. पेपर सुटला की खाली जाते आणि बाहेर आलेल्या पोरींपैकी जी जरा हसत असेल तिच्याकडे प्रश्नपत्रिका मागते.

"काकू, तुमचं कोण होतं पेपरला?"

"कुणी नाही गं. मलाच बघायचाय."

पोरी एकमेकींकडे बघतात. बघू देत. मी तिथेच निंबाखाली उभी राहून आधी दुकानदार आलाय का ते शोधते. कुठे त्याने छत्र्या घेतलेल्या असतात, कुठे पेनं, कुठे सूट देऊनही त्याला नफा झालेला असतो. तो सापडला की जुना शेजारी भेटल्याचा आनंद होतो मला. पोरगी प्रश्नपत्रिका परत घेईपर्यंत माझा x निघालेला असतो, आणि मी अशी काही जिना चढते की खालच्या वॉचमनला वाटावं, बाईला लॉटरी लागली.

हा नाद जडला तो एकाच वर्षी. अमळनेरजवळच्या माझ्या सासरच्या गावी, गच्चीवर, बिबडे घालताना.

मी धुळ्याची. बी. एस्सी. झालेली आणि त्याचा बऱ्यापैकी तोरा असलेली. लग्न झालं, आणि नवऱ्याला जळगावात बरी खोली मिळेपर्यंत काही महिने मी सासरीच राहिले. घरात सासरे, म्हणजे आबा. थोरले दीर, नाना. आणि नानांची बायको, माझी जाऊ. तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. अक्काचं माहेर चोपड्याकडचं, केळीच्या बागांतलं. उंच, सावळी, चालताना पदर खोचलेला, आणि आवाज असा की तिने शेताच्या या टोकाहून हाक मारली तर त्या टोकाचा बैल वळून बघायचा. गावात भांडण झालं की लोक आधी अक्काला बोलवत आणि मग पोलीस पाटलाला.

सगळी मेख तिथेच होती. गावचे पोलीस पाटील वयामुळे त्या वर्षी निवृत्त होणार होते आणि पुढची जागा बायांसाठी राखीव निघणार अशी पक्की कुणकुण होती. अक्काला ती जागा हवी होती. तोंडाने म्हणायची नाही, पण पाटलांच्या घरावरून जाताना तिची चाल बदलायची. अट होती दहावी पास. अक्का दहावीला गणितात अडकली, त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि पुस्तक मिटलं ते मिटलंच. आता तिने पुन्हा सगळ्या विषयांना बाहेरून बसायचा फॉर्म भरला होता. भाषा आणि इतिहास-भूगोल ती रेटून नेईल अशी आमची खात्री होती. आडवं येणार होतं ते गणितच.

आबांचा विरोध नव्हता, त्यांना धास्ती होती. "नापास व्हयनी ते बठ्ठं गाव हासी," ते आपल्या अहिराणीत म्हणायचे, नापास झाली तर सगळं गाव हसेल. "मंग मी चौकमा कसा बसू?"

म्हणून ठरलं, परीक्षेचं नाव घराबाहेर काढायचं नाही. आता खेड्यात दोन बायका रोज दुपारी पुस्तक घेऊन बसल्या तर दिवेलागणीपर्यंत गावभर होतं. पण दोन बायका रोज दुपारी गच्चीवर बिबडे घालत बसल्या तर कुणी मान वर करूनही बघत नाही. ही युक्ती अक्काची. बिबडे म्हणजे आमच्या खान्देशातले ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून, तिचं घट्ट पीठ शिजवायचं आणि गरम असतानाच ओल्या कापडावर ओल्या हाताने थापायचं. वाळले की कापडाच्या पाठीवर पाणी शिंपडून अलगद सोडवायचे. बिबड्याचा तो आंबूस, गरम वास आला की मला आजही समीकरणं आठवतात. लोकांना वासावरून माहेर आठवतं, मला वर्गसमीकरण आठवतं. त्याला माझा इलाज नाही.

गणित पुढे सरकेना आणि बिबडे वाढत चालले. भाऊबंदांना वाटून झाले, सोयऱ्यांना डबे गेले, शाळेतल्या बाईंना दिले, तरी घरात पिंपं भरली. शेजारणी विचारायला लागल्या, लग्न काढलं का म्हणून.

गणित का सरकेना ते सांगते. अक्का मठ्ठ नव्हती. आकडेमोड तिला तोंडपाठ होती. पण पहिल्याच दिवशी मी गणित वाचलं, "एका व्यापाऱ्याने साठ किलो केळी विकत घेतली," आणि तिने थापता थापता हात थांबवला.

"दांडा धरीसन का दांडा सोडीसन?"

मला कळेना. मग तिने मला समजावलं की घड तोलला की त्यात दांड्याचं वजनही येतं, आणि गिऱ्हाईक काही दांडा खात नाही. "मंग त्यानं वजन कोन कापी?" तिने आपल्या मनानेच ते कापलं होतं आणि पुढचं सगळं गणित अगदी बरोबर करून उत्तर चुकवलं होतं.

"अक्का, पुस्तकातल्या केळीला दांडा नसतो."

"मंग ती केय कसानी?"

मी हसत सुटले. हसता हसता माझा तोरा थोडा उतरला. तिचं पुस्तकाशी असंच भांडण होतं. व्यापाऱ्याने सगळा माल एकाच भावाने विकला असं आलं की ती म्हणायची, बाजार उठताना भाव पडत नाही का? दुकानदाराला वीस टक्के नफा झाला असं आलं की, हमाली धरून का? मी चिडले की शांतपणे म्हणायची, "माले समजस बठ्ठं. पटस नही."

आणि खरंच, कधी नीट बघितलंत का त्या पुस्तकातल्या दुकानदाराकडे? त्याच्याकडे कुणी उधार मागत नाही. त्याला जांभई येत नाही. वजन करून झाल्यावर तो लहान पोराच्या हातावर चार शेंगदाणे ठेवत नाही, भावकीत मयत झालं तर दुकान बंद ठेवत नाही, आणि त्याच्या दुकानात आलेली बाई कधी "फिरून येते" म्हणून जात नाही. जगात त्याच्याइतका एकटा माणूस नसेल. अक्काला त्याची दया आली. तिने त्याला नाव दिलं, मगनशेठ. मगनशेठला बायको दिली, बायकोला दमा दिला, आणि मग गणितं एकदम पळायला लागली. x चं कोडंही असंच सुटलं. अक्का म्हणाली, हा x म्हणजे पाहुणा. दारात आला की आधी बसायला पाट द्यायचा, पाणी द्यायचं, नाव-गाव मागून निघतंच. "समजा खरेदी किंमत x" असं लिहिताना ती x जरा मोठा काढायची, मानाने.

एकदा मी गणित घातलं. मगनशेठने खरेदी किमतीत चाळीस टक्के वाढवून छापील किंमत लावली, त्यावर दहा टक्के सूट दिली, तरी त्याला एकशे तीस रुपये नफा झाला. तर खरेदी किती? अक्काने कोळशाच्या तुकड्याने गच्चीच्या कठड्यावर मांडलं. x चे झाले एक पूर्णांक चार, त्याचे नऊ दशांश, म्हणजे नफा शेकडा सव्वीस. खरेदी पाचशे! आणि ती ताडकन उभी राहिली.

"म्हंजे हाऊ सूट बी देस अनं नफा बी लेस?"

"हो मग!"

"आन मी इतला साल सूटना बोर्ड देखीसन दुकानमा जास!"

दुसऱ्या दिवशी तिने मला अमळनेरला ओढत नेलं. साडीच्या दुकानात चौदाशेच्या साडीवर दहा टक्के सूट होती. अक्काने साडी मांडीवर घेतली, डोळे मिटले, ओठ हलवले आणि दुकानदाराला सांगितलं, "तुमनी खरेदी हजार शे. अकराशे ल्या, शंभर तुमना नफा." दुकानदार बघतच राहिला. "अक्का, तुम्ही जीएसटीवाल्या का?" थोडी कुरकुर करून त्याने दिली बरं अकराशेला! पैसे गल्ल्यात पडल्यावर मात्र हळूच म्हणाला, "आम्ही चाळीस नाही, साठ टक्के वाढवतो." अक्का पायरीवरच थांबली. तिथल्या तिथे तिने परत हिशेब केला. खरेदी आठशे पंचाहत्तर, म्हणजे याला सव्वादोनशे सुटले. मला वाटलं, आता ही परत आत शिरते. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आपला मगनशेठ बराच सज्जन शे." एसटीत बसेपर्यंत आम्ही हसत होतो, आणि अख्ख्या रस्त्याने ती दुकानांच्या पाट्या वाचत, प्रत्येक सवलतीच्या मागचा x काढत आली. इतकी खूश मी तिला सणावारालाही पाहिली नव्हती.

मग वर्गसमीकरणं आली आणि खरी खडाजंगी झाली.

गणित साधं होतं. मगनशेठने बाराशे रुपयांची केळी घेतली. डझनाचा भाव दहा रुपयांनी कमी असता तर त्याला चार डझन जास्त मिळाली असती. तर भाव किती? अक्काने मांडणी चोख केली, अवयव पाडले, आणि दोन उत्तरं काढली. साठ, आणि उणे पन्नास. साठ बरोबर होतं. साठने वीस डझन येतात, पन्नासने चोवीस. आता फक्त एक ओळ लिहायची राहिली होती, ती म्हणजे किंमत ऋण नसते, म्हणून उणे पन्नास अमान्य. ती ओळ नसेल तर मार्क कापतात. अक्का ती ओळ लिहीना.

"अक्का, उणे पन्नास रुपये डझन म्हणजे काय, कळतंय का? केळी घ्या आणि वर पन्नास रुपये पण घ्या! असं असतं का कुठे?"

ती बिबडा थापत म्हणाली, "ऱ्हास. मी देखेल शे."

असतं, पाहिलंय म्हणे. मग तिने सांगितलं. एका वर्षी तिच्या भावाच्या बागेत केळी तयार झाली आणि नेमका भाव पडला. इतका पडला की कापायला कुणी येईना. झाडावर ठेवावी तर पुढची लागवड अडते. शेवटी भावाने मजूर लावून घड उतरवले, ज्याला हवे त्याला फुकट दिले, उरलेले गुरांना घातले आणि ट्रॅक्टरचं भाडं वर स्वतः भरलं. "तव्हय तो बाजारमा भाव काय व्हता? तूच सांग. उणे व्हता ना?" तिच्या आवाजात रडगाणं नव्हतं. उलट मला पेचात पकडल्याचा आनंदच होता.

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता. शाळेपासून मी अशी शेकडो ऋण उत्तरं खोडली होती. डास मारावा तशी. अमान्य लिहायचं आणि पुढच्या गणिताकडे वळायचं. त्या नाकारलेल्या उत्तरांमध्येही कुणी राहत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. समीकरण बिचारं इमानदारीने दोन्ही उत्तरं देतं. एक ज्याची केळी विकली गेली त्याचं, एक ज्याची नाही विकली त्याचं. आपण पहिल्याला मार्क देतो. मला त्या दुपारी गणित आधीपेक्षा दुप्पट आवडायला लागलं, आणि हे अक्काला सांगितल्यावर ती म्हणाली की बिबडा जळतोय उन्हाने, कापड सरकव.

पण परीक्षा तर जवळ येत होती, आणि परीक्षकाला चोपड्याकडचा बाजार कुठून माहीत असणार! मी विनवलं, चिडले, एक दुपार अबोला धरला. अक्का एका ओळीसाठी पाटीलकी घालवेल की काय अशी भीती मला वाटायला लागली. आबा रोज संध्याकाळी जिन्याखालून विचारायचे, "कथालोंग उनं?" कुठवर आलं म्हणून. मी खोटंच सांगायचे की आलंच. शेवटी तीच एका दुपारी म्हणाली, "लिखस मी. पन मन्या शब्दमा." आणि तिने कठड्यावर लिहिलं : या गणितापुरती किंमत ऋण नसते, म्हणून अमान्य.

या गणितापुरती! मी तिला मिठीच मारली. तिचे दोन्ही हात पिठाने भरलेले होते, माझं पोलकं पांढरं झालं.

बीजगणिताच्या पेपराच्या दिवशी आबांनी तिला त्यांच्या जुन्या मोपेडवर मागे बसवून अमळनेरला नेलं. गावाला सांगितलं, दात काढायला नेतोय. मी मागून बसने गेले. अक्का नवी, अकराशेची साडी नेसून वर्गात शिरली तशी सगळी पोरं उभी राहून "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाली. अक्काने त्यांना हाताने बसवलं आणि जाऊन त्यांच्यातच बसली. बाहेर आबा आणि मी रसवंतीत बसलो. आबांनी उसाचा रस मागवला आणि प्यायलाच नाही. पेपर सुटल्यावर ती आली, आबांचा रस उचलून एका दमात प्यायली आणि म्हणाली, "मगनशेठ उनाच नही. दुसराच कोनी व्हता, जीएसटीवाला." बरं गेलं की वाईट, हे काही तिच्या तोंडावरून कळेना.

पुढचं आधीच सांगून टाकते. आज त्या गावची पोलीस पाटील अक्का आहे. अर्ज, लेखी, तोंडी, सगळं तिने एकटीने केलं, मी तोवर जळगावला आले होते. परवाच फोन होता. यात्रेच्या बंदोबस्ताची धांदल होती, आणि मागे कुणीतरी मोठ्याने ओरडत होतं, तिच्याहून मोठ्याने नाही. पण या पाटीलकीची गोष्ट आली की मला तिची ती खुर्ची किंवा तो शिक्का आठवत नाही. निकालाची दुपार आठवते.

निकाल मोबाईलवर बघायचा होता आणि आमच्याकडे रेंज फक्त गच्चीत, पाण्याच्या टाकीजवळ. म्हणून आम्ही चौघं वर गेलो. आबा कठडा धरून धरून चढले. नाना उन्हात डोक्यावर टॉवेल टाकून उभे. मी बैठक क्रमांक टाकला. खाली दुसरा चौकोन आला. निकाल उघडायला विद्यार्थ्याच्या आईचं नाव लागतं.

"अक्का, आईचं नाव काय तुमच्या?"

अक्का त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिली. मी नानांकडे बघितलं, नानांनी आबांकडे. नाना तिला सासूबाई म्हणत. आबांच्या लेखी ती विहीणबाई. ती वारली तेव्हा घरातली सगळी तिकडे जाऊन आली होती. पण तिचं नाव त्या दोघांनाही माहीत नव्हतं, आणि मी तर कधी विचारलंच नव्हतं.

"गेंदाबाई," अक्का म्हणाली. इतक्या हळू आवाजात बोललेली ती मी पहिल्यांदाच ऐकली.

"इंग्रजीत कसं लिहायचं?"

"माले काय माहीत? ती ते अंगठा लावे."

मी 'बाई' लावून लिहिलं. उघडेना. मग नुसतं गेंदा लिहिलं. चाक फिरत राहिलं, आबा कठड्याला धरून उभे, आणि निकाल उघडला. मी नजर थेट खाली नेली. गणित, बेचाळीस. खाली, उत्तीर्ण. मी किंचाळले, नानांचा टॉवेल पडला, आबा खालीच बसले आणि हसायला लागले.

अक्काने मोबाईल माझ्या हातातून घेतला. ती मार्कांकडे बघतच नव्हती. वर, तिच्या नावाखाली, आईचं नाव छापलेलं होतं, तिथे तिने अंगठा ठेवला, उचलला, परत वाचलं. मग ती कठड्याशी गेली, आणि इतके महिने आम्ही ज्या गावापासून सगळं लपवलं होतं त्या गावाला तिने आपल्या खऱ्या आवाजात सांगितलं,

"मनी माय पास व्हयनी!"